मिस्त्रीला नाही म्हणताना

घर पाहावे बांधून, असे आपले जुने लोक सांगून गेले. घर दुरुस्त करून पाहण्याविषयी मात्र त्यांनी काही सांगून ठेवलेले नाही. वस्तुतः नवे घर बांधण्यापेक्षा जुने घर दुरुस्त करणे अधिक अवघड. मोकळी जमीन हट्ट धरीत नाही. जुन्या घराची एक भिंत हलविली की उरलेल्या तीन भिंतींचे प्रश्न उभे राहतात. अशा वेळी घरधन्याला रोज एका पेचाला तोंड द्यावे लागते. ज्या मिस्त्रीच्या हाती आपण घर सोपविले त्याचे कुठवर ऐकावे आणि "हे असे नको" असे त्याला केव्हा सांगावे? ऊठसूट नाही म्हणावे तर काम पुढे सरकत नाही. कधीच म्हणू नये तर जे उभे राहते ते मिस्त्रीचे घर असते, आपले नव्हे. आमच्या वाचकांपैकी अनेक कुटुंबे आज ना उद्या या पेचात सापडणार आहेत, म्हणून आमचा अनुभव आणि त्यातून सुचलेले चार विचार येथे मांडीत आहोत.

आम्ही उभयतां जन्माने वसईकर. परंतु जव्हार आणि मोखाडा या दोन तालुक्यांत पंचवीसहून अधिक वर्षे शिक्षकी केली आणि निवृत्त झाल्यावर जव्हारलाच राहिलो. घर जुने आहे. सागाचे खांब, ऐनाच्या तुळया, पुढे पडवी, वर मंगलोरी कौले; दर्शनी भिंती विटांच्या आणि बाजूच्या दोन भिंती कारवीच्या कुडाच्या. २०२३ च्या मार्च महिन्यात दुरुस्ती काढली ती हौसेने नव्हे. आईने नव्वदी गाठली होती. न्हाणीघर आणि संडास मागच्या अंगणात, चार पायऱ्या उतरून. पावसाळ्यात त्या पायऱ्यांवर शेवाळ धरते. मागचा मोडकळीस आलेला भाग उतरवून तेथे स्वयंपाकघर, न्हाणीघर आणि संडास घरालगतच पक्के बांधावे, त्यावर स्लॅब टाकावा आणि उरलेल्या घराची कौले उतरवून नीट बसवून घ्यावीत, असे ठरले.

मिस्त्री किनाऱ्याकडचा. हाताचा कसबी, हिशेबाचा चोख आणि बोलण्यात नम्र. त्याच्याविषयी तक्रार करण्यासाठी हा लेख नाही. किंबहुना तो चांगला मिस्त्री होता म्हणूनच आमचा पेच खरा होता. वाईट मिस्त्रीला नाही म्हणायला फारसा विचार लागत नाही.

पहिला मतभेद कुडाच्या भिंतींवरून झाला. कारवी ही सह्याद्रीच्या उतारांवर माजणारी आणि सात वर्षांतून एकदा फुलणारी वनस्पती. तिच्या वाळलेल्या काठ्या उभ्या बांधून त्यांवर शेणमातीचा लेप दिला की कुड तयार होतो. जव्हारची उंची सुमारे साडेचारशे मीटर, आणि वर्षाचा तीन हजार मिलिमीटरच्या आसपासचा पाऊस बहुतेक चार महिन्यांतच कोसळतो. या पावसात कुड ओल धरतो आणि उन्हे पडली की ती सोडून देतो. मिस्त्रीचे म्हणणे, कुडावर जाळी ठोकून सिमेंटचा गिलावा करावा, म्हणजे दरवर्षी सारवायची कटकट जाईल. सिमेंटचा गिलावा ओल सहजी बाहेर पडू देत नाही. आतल्या आत काठ्या कुजतात, वाळवी लागते आणि काही वर्षांत गिलावा पापुद्र्यासारखा सुटून येतो. पाड्यावर ज्या बायका दरवर्षी स्वतःच्या हातांनी कुड सारवतात त्यांना हे ठाऊक असते. मिस्त्रीचे आयुष्य विटा आणि काँक्रीट यांत गेले होते. कुड त्याने कधी राखला नव्हता. आम्ही नाही म्हटले आणि भिंतींना मातीचाच लेप दिला.

पडवीच्या पागोळ्यांचेही तसेच. वासे कापून छप्पर भिंतीलगत आणले तर घर नीटस दिसेल आणि कौलेही कमी लागतील, असे त्याने सुचविले. परंतु येथला पाऊस सरळ पडत नाही, वाऱ्याबरोबर आडवा येतो. छपराचा पुढे आलेला भाग हीच मातीच्या भिंतीची छत्री. आम्ही पागोळ्या होत्या तितक्याच पुढे ठेवल्या.

याउलट दोन वेळा त्याने आम्हांला नाही म्हटले आणि आम्ही निमूटपणे ऐकले. आईची खाट आणि चाकांची खुर्ची सहज फिरावी म्हणून माजघरातला मधला खांब काढता येईल का, असे आम्ही विचारले. त्याने तुळईवर हात ठेवला, वरच्या आढ्याकडे पाहिले आणि सांगितले, "गुरुजी, हा खांब घराला धरून आहे. खाट हलवा, खांब नको." दुसरा प्रसंग स्लॅबचा. जूनच्या पहिल्या आठवड्यात स्लॅब ओतला तर पाऊसच त्याला पाणी घालील, असा विचार आम्ही बोलून दाखविला होता. तो म्हणाला की येथल्या पहिल्या सरी ताज्या काँक्रीटवरचे सिमेंट धुऊन नेतात आणि आधाराचे बांबू ज्या जमिनीवर उभे असतात ती जमीनही मऊ पडते. हे ज्ञान हाताचे होते. तेथे वाद घालण्याचा अधिकार आम्हांला नव्हता.

एवढ्यावरून पहिला धडा हाती येतो. मतभेद झाला की प्रथम विचारावे, हा प्रश्न कोणाच्या ज्ञानातला आहे? भार कोण पेलतो, सांधा कसा बसतो, माल केव्हा आळतो, हे मिस्त्री जाणतो. घरात कोण राहणार, कोणाचे गुडघे दुखतात, कोणती भिंत कोणत्या महिन्यात ओल धरते, हे राहणारा जाणतो. आपल्या ज्ञानाच्या सीमेबाहेर जाऊन हुकूम सोडणे हा घरधन्याचा उद्धटपणा होय. आणि आपल्या ज्ञानाच्या प्रांतातही गप्प बसणे हा आळस होय.

दुसरा धडा झाकल्या जाणाऱ्या कामाचा. रंग आवडला नाही तर पुन्हा देता येतो, फरशी उखडता येते. परंतु पाया, सळई आणि काँक्रीट एकदा झाकले गेले की झाकले गेले. काँक्रीटमध्ये गरजेपेक्षा जास्त पाणी घातले की माल पातळ होतो, ओतायला सोपा जातो आणि मजुरांचे कष्ट वाचतात. पण वाळल्यावर तो कमकुवत राहतो. पन्नास किलो सिमेंटच्या एका पोत्याला सुमारे २५ ते ३० लिटर पाणी पुरते. सळईच्या खाली ठेवावयाचे छोटे ठोकळेही असेच. ते नसले तर सळई तळाशी टेकते, तिला हवा-पाणी लागून गंज चढतो आणि काही वर्षांनी स्लॅबचे ढलपे पडू लागतात. या दोन गोष्टींत आम्ही स्वतः उभे राहून पाणी मोजले आणि ठोकळे पाहिले. मिस्त्रीला ते थोडे लागले, पण त्याने समजून घेतले. प्रभू येशूने सांगितलेल्या दोन घरांच्या दाखल्यात पाऊस आणि पूर दोन्ही घरांवर सारखेच येतात. लूकच्या शुभवर्तमानात शहाणा मनुष्य खोल खणतो, असा आवर्जून उल्लेख आहे. तो पाया घर उभे राहिल्यावर येणाऱ्याजाणाऱ्याला दिसत नव्हता. ज्याने खणताना पाहिले त्यालाच ठाऊक होता.

काही प्रश्न मात्र असे असतात की ते मिस्त्रीच्याही ज्ञानातले नसतात आणि आपल्याही नाही. नोव्हेंबर २०१८ पासून आपल्याच पालघर जिल्ह्यात, डहाणू आणि तलासरी भागात, भूकंपाच्या धक्क्यांची मालिका सुरू झाली. धुंदलवाडीच्या परिसरातील लोकांनी थंडीतल्या कित्येक रात्री घराबाहेर काढल्या. आमच्या नव्या भिंतींना दारे-खिडक्यांच्या वर चारही बाजूंनी सलग काँक्रीटचा पट्टा असावा, असे ओळखीच्या एका अभियंत्याने सांगितले. मिस्त्रीच्या मते एवढ्याशा बांधकामाला तो खर्च फुकट. येथे त्याचा अनुभव विरुद्ध आमची भीती असा सामना होऊ द्यावयाचा नव्हता. आम्ही तिसऱ्याचा, त्या विषयात शिकलेल्याचा शब्द मानला आणि पट्टा घातला.

महाराष्ट्राने हा धडा फार मोठी किंमत देऊन शिकला आहे. ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे किल्लारीच्या भूकंपात लातूर आणि उस्मानाबाद (आताचा धाराशिव) जिल्ह्यांतील हजारो माणसे स्वतःच्याच घरांखाली गाडली गेली. मातीत रचलेल्या जाड दगडी भिंती आणि वर मातीचे जड माळवद, अशी ती घरे होती. त्यानंतर दगडाची इतकी धास्ती बसली की अनेकांना दगडी घरात राहावेसेच वाटेना. जाणकार सांगत होते की दोष केवळ दगडाचा नाही. भिंतीच्या दोन बाजूंना एकत्र बांधणारे आरपार दगड नव्हते आणि डोक्यावर मातीचे ओझे होते. पुनर्वसनात ५२ गावे नव्या जागी वसविली गेली. त्याखेरीज पुष्कळ गावांत घरे जागेवरच मजबूत करण्याची योजना झाली. तेथे रक्कम टप्प्याटप्प्याने घरमालकाच्या हाती येई, गवंडी तोच ठरवी आणि अभियंता काम तपासून जाई. गावोगावच्या महिला मंडळांतील स्त्रियांनी या योजनेची माहिती घराघरांत पोहोचविली. आजवर गवंडी जे करील ते पाहणाऱ्या माणसांना "आरपार दगड कुठे आहे?" असे विचारण्याचा हक्क प्रथमच मिळाला. भीतीने नाही म्हणणे आणि समजून नाही म्हणणे यांत किती अंतर आहे, ते या उदाहरणावरून दिसते.

इथवरचे सारे प्रश्न तसे सोपे म्हणावे लागतील. खरी कसोटी एप्रिलच्या अखेरीस लागली.

भिंती छतापर्यंत आल्या होत्या. तोपर्यंत अंगणातल्या आडाचे पाणी पुरले. आता त्याने तळ गाठला. स्लॅब मे महिन्याच्या दुसऱ्या आठवड्यात ओतायचा होता. आमचा स्लॅब तीनशे चौरस फुटांचा. त्याचे काँक्रीट कालवायलाच सात-आठशे लिटर पाणी लागणार. ओतल्यावर निदान सात दिवस तो ओला ठेवावा लागतो. त्यावर मातीचे वाफे करून दोन इंच पाणी साठवायचे म्हटले तरी पहिल्या भरणीला सुमारे १,४०० लिटर, म्हणजे डोक्यावरून आणलेले शंभर हंडे. आणि उन्हाने आटेल तसे रोज आणखी. मिस्त्रीने हिशेब क्षणात सोडविला. "गुरुजी, दोन टँकर मागवतो. काम होऊन जाईल." त्याचा आकडा बरोबर होता.

कामावर मोखाड्याकडचा एक वयस्क मजूर होता. दिवसभरात दहा वाक्येही न बोलणारा. दिवाळीनंतर कधी वीटभट्टीवर, कधी वसई-विरारच्या इमारतींवर त्याने तीसेक वर्षे काढली होती. टँकरची गोष्ट चालली असता तो विटा भिजवीत होता. मिस्त्री बाजूला गेल्यावर तो आमच्याकडे न पाहताच म्हणाला, "तो टँकरवाला आमच्या पाड्याच्या विहिरीवर भरतो, बाई. रात्री भरून नेतो. सकाळी बायका झरा पाझरेपर्यंत बसून राहतात."

जव्हार-मोखाड्याचा उन्हाळा ज्यांनी पाहिला आहे त्यांना याहून अधिक सांगायला नको. धो धो पाऊस पडणारे हे डोंगर फेब्रुवारी-मार्चपासून कोरडे पडू लागतात. मुंबईला पाणी देणारे मध्य वैतरणा धरण २०१४ मध्ये मोखाडा तालुक्यातच पुरे झाले. त्याच तालुक्यातील पाड्यांना उन्हाळ्यात टँकरची वाट पाहावी लागते. आम्ही वर्गात ज्या मुलींना शिकविले त्या मे महिन्यात पहाटे कुठे असत, हे आम्हांला माहीत होते.

आम्ही मिस्त्रीला दुसरीकडून पाणी आणायला सांगितले. तो जे म्हणाला त्यात खोटे काही नव्हते. "मे महिन्यात कोणतीही विहीर घ्या, ती कुणाची तरी असणारच. मग बांधायचेच नाही का?" गोणपाटे अंथरून पाणी वाचवता येईल, पण टाळता येणार नाही, हेही त्याने सांगितले. आता थांबलो तर अर्धवट भिंती पावसात राहतील, दिवाळीनंतर मजूर भट्ट्यांवर निघून जातील, सिमेंट महागेल आणि ठरलेला आकडा त्याला परवडणार नाही. त्याचे सगळे मुद्दे रास्त होते. त्याहून मोठा मुद्दा घरात खाटेवर होता. आईला थांबण्याचा विचार पटला नाही. "हा पावसाळा मी काढीन की नाही, कुणी सांगावे?" एवढेच ती म्हणाली. या वाक्याला आमच्याजवळ उत्तर नव्हते.

दोन रात्री आम्ही यावर बोललो. दिवंगत पोप फ्रान्सिस यांनी २०१५ मध्ये 'लाउदातो सी' हे परिपत्रक काढले. पिण्याचे पाणी हा माणसाचा मूलभूत हक्क आहे, असे त्यात त्यांनी स्पष्टपणे मांडले. धर्मग्रामातल्या सभेत ऐकताना अशी वाक्ये सर्वांना मान्य असतात. येथे ते वाक्य आमच्या आईच्या न्हाणीघरासमोर येऊन उभे राहिले होते. मिस्त्रीला बांधकामाचे शास्त्र ठाऊक होते. पण कोणाच्या हंड्यातले पाणी भिंतीला घालावे, हा प्रश्न त्या शास्त्रातला नव्हताच. तो त्याच्यावर ढकलणेही योग्य नव्हते. त्याचा जबाब ज्याचे घर आहे त्यानेच द्यायचा असतो.

तिसऱ्या दिवशी आम्ही मिस्त्रीला घरात बोलावून, चहा झाल्यावर, सांगितले की स्लॅब दिवाळीनंतर. भिंतींवर पत्रे टाकून त्या झाका, कौलांचे काम मेअखेर पुरे करा. पडवीच्या एका कोपऱ्यात फळ्या लावून आईसाठी तात्पुरती मोरी आणि बसायची सोय करून द्या.

येथे दोन गोष्टी सांगावयास हव्यात, कारण नाही कसे म्हणावे हेही नाही म्हणण्याइतकेच महत्त्वाचे आहे. पहिली अशी की मिस्त्रीचा निर्णय त्याच्या माणसांसमोर कधी फिरवू नये. उद्या त्याच माणसांकडून त्याला काम करून घ्यायचे असते. ज्याने आपल्याला माहिती दिली त्याचे नाव तर मुळीच सांगू नये. दुसरी गोष्ट पैशांची. आपल्या विवेकाची किंमत दुसऱ्याच्या खिशातून देता येत नाही. मे महिन्यातले ठरलेले काम आमच्या निर्णयामुळे बुडाले, तेव्हा त्या दिवसांची मजुरी आम्ही दिली आणि नोव्हेंबरचा वाढीव दर मान्य केला. पोप लिओ तेरावे यांनी १८९१ साली 'रेरुम नोव्हारुम' या परिपत्रकात कामगाराच्या न्याय्य वेतनाचा कैवार घेतला. ख्रिस्तसभेची ती शिकवण केवळ गिरणीमालकांसाठी नाही. आठ दिवसांसाठी चार मजूर लावणारा घरधनीही त्या आठ दिवसांपुरता मालकच असतो.

संत योसेफाला शुभवर्तमानात जो ग्रीक शब्द लावला आहे त्याचा अर्थ केवळ सुतार असा नाही, तर लाकूडकाम-बांधकाम करणारा कारागीर असाही होतो. पोप पायस बारावे यांनी १९५५ साली १ मे हा दिवस कामगार संत योसेफाचा सण म्हणून ठरवून दिला. या संताचा एकही उद्गार चारही शुभवर्तमानांत नोंदलेला नाही. बांधकामावरही असा एखादा न बोलणारा मनुष्य असतो. घरधनी आणि मिस्त्री यांचा वाद चालतो तेव्हा त्याचे मत कोणी विचारीत नाही. परंतु पाणी कोठून येते, माती कोठून निघाली, ओझे कोणी वाहिले, हे त्याला ठाऊक असते. मिस्त्रीला हो म्हणण्यापूर्वी किंवा नाही म्हणण्यापूर्वी त्या माणसाशी दोन शब्द बोलावेत, असे आम्ही सुचवितो. वसईतील आपल्या कित्येक घरांचे काँक्रीट जव्हार-मोखाड्याहून आलेल्या अशाच हातांनी वाहिले आहे. त्यांच्या पाड्यांची नावे आपल्यापैकी कितीजणांनी विचारली असतील?

नोव्हेंबरमध्ये स्लॅब पडला. आडाला तेव्हा काठोकाठ नसले तरी पुष्कळ पाणी होते. मोखाड्याचे चार मजूर नाताळपर्यंत आमच्याकडेच राहिले. यात आमचे पुण्य काही नाही. काम होते म्हणून ते राहिले आणि काम संपल्यावर भट्टीवर गेले. त्या पाड्याची विहीर पुढच्या उन्हाळ्यातही आटली. आमच्या दोन टँकरांनी तिचे नशीब बदलणार नव्हते, हे आम्हांला तेव्हाही कळत होते. तरीही आज पुन्हा तोच प्रसंग आला तर आम्ही तोच निर्णय घेऊ.

आईने तो पावसाळा फळ्यांच्या आडोशाला काढला. कुरकुर केली, एकदा सर्दीने चार दिवस पडून राहिली. डिसेंबरात नवे न्हाणीघर तयार झाले तेव्हा भिंतीला बसविलेली पकडायची दांडी तिने दोनदा हलवून पाहिली आणि मिस्त्रीला सांगितले की ती चार बोटे खाली हवी. मिस्त्रीने एक शब्दही न बोलता दांडी काढली आणि ती म्हणाली तेथे बसविली. पुढे वर्षभर तिने ते न्हाणीघर वापरले. २०२५ च्या आरंभी ती देवाघरी गेली.